तारापूरचा शेजार

चामोर्शीचा माणूस चंद्रपुरास गेला म्हणजे तेथील औष्णिक विद्युत्केंद्राचीं धुरांडीं त्यास दुरून दिसतात. तेथला त्रास डोळ्यांस दिसणारा आहे. किरणोत्सर्गास मात्र रंग नाहीं, गंध नाहीं. तो यंत्रानें मोजावयाचा, आणि तें यंत्र बहुधा केंद्राच्याच हातीं!

असला शेजार महाराष्ट्रास प्रथम तारापूर येथें लाभला. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीनें उभारलेल्या दोन अणुभट्ट्या तेथें १९६९ सालीं वीज देऊं लागल्या. पुढें आणखी दोन भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं, आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

जे मागें राहिले त्यांचें काय? भारतीय नियमांप्रमाणें आपत्काळाची योजना केंद्राभोंवतीं १६ किलोमीटरांपर्यंत आंखली गेली. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंपामागून समुद्राची लाट फुकुशिमाच्या केंद्रांत शिरली. भट्ट्या निववणारी वीज खुंटली, आणि दुसऱ्याच दिवशीं २० किलोमीटरांपर्यंतची वस्ती हलविण्याचा हुकूम सुटला. त्या भट्ट्याही तारापूरच्या जुन्या भट्ट्यांप्रमाणें उकळत्या पाण्याच्या जातीच्या होत्या. पश्चिम किनाऱ्यास अशा लाटेचें भय पुष्कळ कमी, हें खरें. तथापि १९४५ सालच्या नोव्हेंबरांत मकरानच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोंचली होती, आणि तिनें माणसेंही नेलीं होतीं.