दोष माणसाचा की पद्धतीचा?

कारखान्यात वा कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही ‘दर्जा’ हा शब्द नवा नाही. अनेक ठिकाणी दर्शनी भिंतीवर आय. एस. ओ. ९००० मालिकेचे प्रमाणपत्र लावलेले दिसते. परंतु या विचाराचा उगम कोठे झाला व त्याचे मूळ तत्त्व कोणते, असे विचारले तर पुष्कळ सुशिक्षित अधिकारीही निरुत्तर होतात. या अज्ञानाची किंमत बहुधा हाताखालच्या माणसाला मोजावी लागते. म्हणून हा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी माल तयार झाल्यावर तपासनीस खराब नग बाजूला काढीत. अशाने खराब माल गिऱ्हाइकाकडे जाणे टळे. तो तयार होणे मात्र टळत नसे. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन साहित्याच्या कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी वरिष्ठांना अवघ्या एका पानाचे टिपण सादर केले. नियंत्रण-आलेखाचा जन्म त्या टिपणात झाला. शूहार्ट यांचे म्हणणे असे की, कोणत्याही कामात थोडाफार फरक पडणारच. काही फरक कामाच्या पद्धतीतच मुरलेला असतो, तर काही एखाद्या विशेष कारणाने उद्भवतो. उदाहरणार्थ, झिजलेले हत्यार. आलेखावरील मर्यादारेषा या दोहोंतील भेद दाखवितात. विशेष कारण शोधून दूर करावे. मुरलेल्या फरकासाठी मात्र पद्धतच सुधारावी लागते, आणि ते काम व्यवस्थापकाचे होय.

हे ज्ञान आपल्या देशात उशिरा आले असे नाही. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. त्यांच्याच निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतात आले. पुढे संस्थेने मुंबई, बंगलोर व कलकत्ता येथे दर्जा-नियंत्रणाची केंद्रे उघडली. जपानमध्ये एडवर्ड्स डेमिंग यांची गाजलेली व्याख्याने झाली ती त्यानंतर, १९५० साली. तेथे मात्र अभियंत्यांबरोबर मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुखही श्रोत्यांत बसले. १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले आणि १९६२ पासून कामगारांची दर्जा-मंडळे निघाली. ते पारितोषिक मिळविणारी पहिली भारतीय कंपनी सुंदरम-क्लेटन. तिला हा मान १९९८ मध्ये मिळाला.

डेमिंग आपल्या वर्गात एक प्रयोग करीत. पेटीत पांढरे मणी आणि त्यांत पाचवा हिस्सा तांबडे. ‘कामगारां’नी पन्नास खळग्यांची पट्टी बुडवून फक्त पांढरे मणी काढायचे! तांबडे कमी आले त्याची वाहवा, जास्त आले त्याची खरडपट्टी. वास्तविक कोणाच्याही हाती काहीच नसे. दोष पेटीत होता. बहुतेक दोष, डेमिंग यांच्या अंदाजाने शेकडा ९४, पद्धतीतूनच उपजतात.

आज शिकत असलेल्या तरुणांपैकी कित्येकजण उद्या मुकादम, अभियंते, मुख्याध्यापक होतील. एखाद्याच्या हातून चूक झाली की, ‘कोणी केले?’ हा प्रश्न चटकन ओठांवर येतो. त्याआधी ‘पेटीत तांबडे मणी किती होते?’ एवढे त्यांनी स्वतःस विचारले, तरी दर्जाही वाढेल आणि अन्यायही टळेल.