निदान आणि शस्त्रक्रियेची फारकत

स्तनातील गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे विसाव्या शतकात दीर्घकाळ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठरत असे. रुग्ण स्त्रीला पूर्ण भूल देत, गाठ काढत आणि तिचा काप गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. कर्करोग दिसला, तर त्याच भुलीत विल्यम हॉल्स्टेड यांच्या पद्धतीने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी काढून टाकत. स्तन राहिला की गेला, हे तिला शुद्धीवर आल्यावरच कळे. वेळ वाचे, पण निर्णयात तिला जागाच नसे. हा अन्यायच होता. अमेरिकी पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या आजारपणात या प्रथेला ठाम विरोध केला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने निदान आणि उपचार वेगवेगळे करण्याची शिफारस केली. त्या तज्ज्ञमंडळात कुशनरही होत्या.

निदानासाठी सुई वापरणे तोवर नवे राहिले नव्हते. न्यू यॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्येच सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची पद्धत मांडली होती. अडचण होती ती हाताला न लागणाऱ्या गाठींची. मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक कण दिसू लागले, पण तिथवर सुई न्यायची कशी? स्वीडनमधील बोल्मग्रेन, जेकबसन आणि नॉर्डेनस्ट्रॉम यांनी १९७७ मध्ये त्याचे उत्तर दिले. दोन कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून जागेची खोली मोजायची आणि सुई नेमकी तिथे न्यायची. पुढे स्वीडनच्याच पेर लिंडग्रेन यांनी स्प्रिंगवर चालणारी बायोप्सी गन आणली. अमेरिकेत स्टीव्ह पार्कर यांनी १९९० च्या सुमारास ती स्तनासाठी रुळवली, आधी मॅमोग्राफीच्या व नंतर सोनोग्राफीच्या आधारे.

तेव्हापासून तपासणीचा क्रम फारसा बदललेला नाही. त्वचा सुईने बधिर करतात, बारीक छेद देतात आणि पडद्यावर पाहत सुमारे दोन मिलिमीटर जाडीची सुई गाठीपर्यंत नेतात. खट् असा आवाज होतो, सुई क्षणात पुढे जाते आणि ऊतीचा बारीक तुकडा घेऊन येते. असे काही तुकडे घेतात, जागा दाबून धरतात आणि पट्टी लावतात. टाके बहुधा लागत नाहीत. स्त्री त्याच दिवशी घरी जाते. १९९० च्या दशकाच्या मध्यास निर्वात पंपाने ऊती ओढणारी सुई आली आणि मोठे नमुने मिळू लागले. छोटी गाठ नमुन्यातच निघून जाऊ शकते, म्हणून तिच्या जागी धातूची बारीक खूण ठेवतात.

तुकड्यांच्या तपासणीचा अहवाल चित्राशी जुळला नाही किंवा सुई पोहोचू शकली नाही, तरच आता बहुधा निदानासाठी शस्त्रक्रियेचा विचार होतो.