बागबाजारचा बर्गी

बंगाली अंगाईगीतांत ज्याची भीती घातली जाते, तो ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर : सरकारी घोड्यावर चाकरी करणारा मराठा स्वार. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा कलकत्तेकरांनी बागबाजारापासून खंदक खणावयास घेतला. योजना सात मैलांची. खणले गेले जेमतेम तीन. मराठे तेथवर आलेच नाहीत.

तरीही हे भूत निव्वळ कल्पनेचे नव्हे. १७५१ च्या सुमारास गंगारामाने रचलेल्या ‘महाराष्ट्रपुराणा’त मराठे प्रथम पापी जनांच्या शासनासाठी शिवाने धाडलेले ठरतात, पुढे त्यांनी केलेली लूट, जाळपोळ आणि स्त्रियांची विटंबना पाहून देवीच त्यांच्यावर उलटते. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्कररामांना भेटीस बोलावून दगा दिला, त्या वधाला कवी दैवी न्याय मानतो. आपल्या इतिहासलेखनात या प्रकरणाला दग्याचीच बाजू अधिक. गंगाराम क्वचितच वाचला जातो.

खंदक १७९९ मध्ये बराचसा बुजवला गेला. बागबाजारात त्याच्या नावाची ‘मराठा डिच लेन’ मात्र आहे.