छपाई-काप जुळणी

छपाई-काप जुळणी म्हणजे व्हिनाइलवर छापलेले चित्र आणि त्याच्या कडेने ब्लेडने घेतला जाणारा काप यांची जागा परस्परांशी तंतोतंत मिळवणे. रुंद पन्ह्याचे मुद्रण-कर्तन यंत्र एकाच रोलवर प्रथम छपाई करते आणि नंतर आकृतीच्या कडेने काप घेते. या दोन क्रिया वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या साधनांनी होत असल्याने त्यांत अंतर पडू शकते. असे अंतर पडल्यास स्टिकरच्या एका कडेला पांढरी पट्टी दिसते, तर दुसऱ्या कडेचा मजकूर कापला जातो. महाराष्ट्रात व्हिनाइल स्टिकरच्या कामास बोलीभाषेत 'रेडियम' असे म्हणतात. परभणी जिल्ह्यासारख्या ठिकाणी दुकानांच्या पाट्या, वाहनांवरील अक्षरे व मालाची लेबले या कामांत छपाई-काप तंत्र उपयोगी पडते.

कार्यपद्धती

यंत्रात ग्रिट रोलर व पिंच रोलर यांच्या पकडीत व्हिनाइल पुढे-मागे सरकते, तर शाईचे हेड आणि ब्लेड आडव्या दिशेने फिरतात. हेड व ब्लेड यांच्यातील अंतर यंत्राच्या स्मृतीत साठवलेले असते. छपाई पूर्ण झाल्यावर यंत्र व्हिनाइल मागे ओढून आरंभबिंदूवर आणते व कापणी सुरू करते. ब्लेड केवळ वरचा थर कापते आणि खालचा कागदी थर अखंड राहतो. यास अर्धकाप म्हणतात.

छापलेला रोल लॅमिनेशनसाठी बाहेर काढावयाचा असल्यास किंवा कापणी वेगळ्या प्लॉटरवर करावयाची असल्यास मूळ आरंभबिंदू उपलब्ध राहत नाही. अशा वेळी चित्राभोवती नोंदणीखुणा छापतात आणि प्रकाशसंवेदक त्या वाचून काप-रेषेची जागा ठरवतो. ग्राफटेक कंपनीची 'आर्म्स' व सुम्मा कंपनीची 'ओपॉस' या अशा प्रणाली आहेत. एका खुणेवरून केवळ सरकलेपणा कळतो. दोन खुणांवरून तिरकेपणा आणि त्या दिशेचे लांबीतील प्रमाणही कळते. तीन खुणांवरून दोन्ही दिशांचे प्रमाण व काटकोनातील बिघाड समजतो, तर चौथ्या खुणेमुळे समलंबी विकृतीही दुरुस्त करता येते.

बिघाडाचे प्रकार

चूक कोणत्या स्वरूपाची आहे हे ओळखल्यास कारण शोधणे सोपे जाते.

* सर्वत्र सारखे अंतर: काप सर्व आकृत्यांत एकाच दिशेने व तेवढाच सरकलेला असतो. हेड व ब्लेड किंवा संवेदक व ब्लेड यांच्यातील साठवलेले अंतर चुकीचे असते.
* लांबीनुसार वाढणारे अंतर: पहिले स्टिकर जुळते, शेवटचे जुळत नाही. छपाई व कापणी यांच्या लांबीच्या प्रमाणात फरक असतो. हा फरक ०.१ टक्का असला तरी २ मीटर लांबीवर अंतर २ मिलिमीटर होते.
* बाजूकडे वाढत जाणारे अंतर: रोल तिरका बसवलेला असतो. प्रत्येक मीटरमागे १ मिलिमीटर तिरकेपणा असल्यास ३ मीटरनंतर अंतर ३ मिलिमीटर होते.
* अनियमित अंतर: प्रत्येक प्रतीत चूक वेगळी येते. व्हिनाइल घसरणे, पिंच रोलर झिजणे, ब्लेडधारक ढिला असणे किंवा रोल ताणला जाणे ही सामान्य कारणे होत.
* कोपऱ्यांतील दोष: चौकोनाचे कोपरे गोल येणे किंवा कोपऱ्यावर काप बाहेर निघणे हा जुळणीचा नव्हे, तर ब्लेड-ऑफसेटचा दोष आहे. ब्लेडचे टोक त्याच्या अक्षापासून किंचित बाजूला असते. अनेक ब्लेडांत हे अंतर ०.२५ मिलिमीटर असते. यंत्रातील आकडा कमी असल्यास कोपरे गोल होतात आणि जास्त असल्यास टोके बाहेर येतात.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती यांत्रिक बाबींपासून सुरू करून आकड्यांकडे जाते. व्हिनाइल घसरत असताना मापनाचे आकडे बदलल्यास चूक तात्पुरती झाकली जाते व पुढील कामात पुन्हा उद्भवते.

१. रोल बसवणे: रोलची कड सरळ रेषेत आणतात, पिंच रोलर ग्रिट रोलरच्या बरोबर वर घेतात व दोन्ही बाजूंचा ताण सारखा करतात. काम सुरू करण्यापूर्वी कामाच्या लांबीइतके व्हिनाइल पुढे-मागे सरकवून ते बाजूला जाते का, हे पाहतात. कापणीसाठी व्हिनाइल मागे यावे लागत असल्याने पुढील गुंडाळणी-यंत्रणेने ते ओढून धरलेले नसावे.

२. स्वच्छता: ग्रिट रोलरवर साचलेली धूळ व गोंद, ब्लेडधारकातील व्हिनाइलचे तुकडे आणि संवेदकावरील धूळ काढतात.

३. स्वतंत्र चाचण्या: केवळ छपाई करून १ मीटरची रेषा मोजतात, नंतर तेवढीच रेषा कापून मोजतात. दोन्ही मापांत फरक आढळल्यास संबंधित लांबी-सुधारणा बदलतात.

४. जुळणी-चाचणी: यंत्रातील चाचणी-आकृती छापून कापतात. आडव्या व उभ्या दिशेतील अंतर मोजून ते सुधारणा-मूल्य म्हणून भरतात आणि चाचणी पुन्हा घेतात. अंतर दुप्पट झाल्यास अधिक-उणे चिन्ह उलट भरले गेले, असा अर्थ होतो.

५. संवेदकाची चाचणी: नोंदणीखुणा वापरताना संवेदक व ब्लेड यांच्यातील अंतराची सुधारणा स्वतंत्रपणे करावी लागते. केवळ आधीची सुधारणा केल्याने ती होत नाही.

संगणकीय कारणे

काही चुका यंत्राबाहेर निर्माण होतात. छपाईसाठी वापरलेल्या रिप सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे प्रमाण बदलले, पण काप-रेषेची फाइल वेगळी पाठवली, तर दोन्हींचे माप जुळत नाही. पानाचा आकार किंवा फाइल फिरवण्याची दिशा वेगळी असल्यासही हेच होते. म्हणून काप-रेषा त्याच फाइलमध्ये ठरवून दिलेल्या नावाच्या स्पॉट रंगाने काढतात. चित्राचा रंग काप-रेषेच्या बाहेर २ ते ३ मिलिमीटर वाढवून ठेवल्यास किरकोळ चूक दिसत नाही. ही सोय मूळ बिघाडाची दुरुस्ती मात्र नव्हे.

देवनागरी मजकुरातील अडचणी

देवनागरीतील शिरोरेषा लांब व आडवी असल्याने किंचित तिरकेपणाही चटकन लक्षात येतो. अनुस्वार, रफार व नुक्ता यांसारखी लहान चिन्हे थोड्याशा चुकीनेही अर्धवट कापली जातात, तसेच नको असलेला भाग सोलताना निघून येतात. काही फाँटमध्ये अक्षरांचे घटक एकमेकांवर चढलेले असतात. ते एकत्र जोडल्याशिवाय काप घेतल्यास ब्लेड शिरोरेषेच्या मधून जाते. त्यामुळे मजकुराचे रेषाकृतीत रूपांतर करून सर्व आकार एकसंध करणे आवश्यक ठरते.

दुकानांच्या मराठी पाट्यांमुळे या बाबीस महत्त्व आले आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. याउलट, १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवली जात असल्याने क्रमांकाच्या रेडियम पट्ट्यांचे काम नव्या वाहनांपुरते उरलेले नाही. परभणीच्या 'एमएच-२२' या संकेतांकाच्या वाहनांनाही हे लागू आहे.

हवामान व वीज

मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर पावसाळ्यात हवा दमट असते. व्हिनाइलचा वरचा थर उष्णतेने प्रसरण पावतो आणि खालचा कागद ओलावा शोषून फुगतो. यंत्रातील हीटर व शाईतील द्रावक यांमुळेही व्हिनाइल मऊ होते. गोदामातून आणलेला रोल काही तास यंत्राच्या खोलीत ठेवणे, हीटरचे तापमान व्हिनाइलला साजेसे ठेवणे आणि द्रावक-शाईचे काम लॅमिनेशनपूर्वी किमान २४ तास वाळू देणे हे उपाय केले जातात.

छपाई व कापणी यांच्या दरम्यान वीज गेल्यास यंत्राच्या स्मृतीतील आरंभबिंदू नष्ट होतो. चित्राभोवती नोंदणीखुणा असतील तर काम पुन्हा जुळवता येते, अन्यथा छापलेला संपूर्ण भाग वाया जातो. त्यामुळे वीज वारंवार खंडित होणाऱ्या ठिकाणी लॅमिनेशन नसलेल्या कामातही खुणा छापणे व लांब काम लहान भागांत विभागणे हितावह असते.

मर्यादा

संवेदक पांढऱ्या, चमक नसलेल्या पृष्ठभागावरील काळ्या खुणा उत्तम वाचतो. पारदर्शक, धातूरंगी व परावर्तक व्हिनाइलवर, तसेच चकचकीत लॅमिनेशनखाली खुणा ओळखण्यात अडचण येते. अशा वेळी खुणेखाली पांढरा पाया देतात, खुणेवरील भाग लॅमिनेशनविना सोडतात किंवा ब्लेडचे टोक खुणेवर हाताने आणून आरंभबिंदू ठरवतात.