राख खाणारा जंतू अजून जन्मला नाही

"जंतू सोडले की दूषित जमीन आपोआप शुद्ध होते," असं हल्ली कुणीही सांगतं. आपल्या जिल्ह्यात तिरोड्याला 3,300 मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. कोळसा जळला की राख उरणारच. म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत असलेला बरा.

जंतूंची कीर्ती पसरली ती तेलामुळे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल खाणारा जिवाणू तयार केला आणि 1980 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं पेटंट मान्य केलं. तेल हे जिवाणूंचं अन्न होऊ शकतं. पण शिसं, कॅडमियम, मँगनीज ही मूलद्रव्यं. ती कुणालाही पचवून संपवता येत नाहीत.

मग त्यांचं करायचं काय? याचं उत्तर विदर्भातच शोधलं गेलं. सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगांवर गवतही धड उगवत नव्हतं. नागपूरच्या 'नीरी'च्या डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी तिथे साखर कारखान्यातलं प्रेसमड टाकलं, मुळांना रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी दिली आणि सागासारखी झाडं जगवली.

हीच पद्धत पुढे खापरखेड्याला 10 हेक्टर राखेवर वापरली. हेक्टरी 50 टन शेणखत घातलं. राखेची पाणी धरून ठेवण्याची क्षमता 40 वरून 62 टक्क्यांवर गेली, नत्र साडेचार पट झालं. 2008 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता मुद्दा नीट समजून घ्या. इथे जिवाणू राख खात नाहीत. ते झाड जगवतात. झाडाची मुळं राख बांधून ठेवतात, पावसात ती नाल्यात, विहिरीत जाऊ देत नाहीत. काही धातू मुळं ओढून घेतात. म्हणजे तो पाला जनावरांना चारून चालत नाही, आणि झाडं मेली की राख पुन्हा मोकळी!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उद्या कुणी हिरव्या झालेल्या ढिगाचा फोटो दाखवला तर टाळ्या जरूर वाजवा, पण ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा: देखभाल किती वर्षं? पाला, लाकूड जाणार कुठे? आणि आजूबाजूच्या विहिरी-बोअरच्या पाण्याची तपासणी पावसाळ्याआधी अन् नंतर कोण करणार?

हिरवळ दुरून दिसते हो. पाण्यातला धातू दिसत नाही.