कोन्याकची द्राक्षे, श्रीरामपूरची मळी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर परिसर ओळखला जातो तो उसासाठी. प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेल्या या पट्ट्यात महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी १९३३ मध्ये साखर उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली. त्यातूनच टिळकनगर वसले. आज मात्र 'टिळकनगर इंडस्ट्रीज'चे नाव देशभर घेतले जाते ते साखरेसाठी नव्हे, तर 'मॅन्शन हाउस' ब्रँडीसाठी.

ब्रँडी हे मूळचे युरोपीय पेय. डच व्यापारी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरची वाइन जहाजातून नेत. ती वाटेत बिघडू नये म्हणून तिचे ऊर्ध्वपातन होऊ लागले. या अर्काला डचांनी 'ब्रांडेवाइन', म्हणजे जाळलेली वाइन, असे नाव दिले. त्याच किनाऱ्याजवळच्या शारांत प्रदेशात कोन्याकची परंपरा रुजली. १९०९ मध्ये या प्रदेशाची सीमा कायद्याने आखण्यात आली. प्रामुख्याने 'उन्यी ब्लां' जातीची पांढरी द्राक्षे, तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन आणि ओकच्या पिंपात किमान दोन वर्षे मुरवण, एवढे झाल्याशिवाय बाटलीवर कोन्याक हे नाव येत नाही. मुरताना पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के अर्क हवेत उडून जातो. त्याला तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

भारतात चित्र निराळे आहे. साखर तयार झाल्यावर उरणारी मळी किंवा धान्य यांपासून काढलेल्या मद्यार्कात थोडी अस्सल ब्रँडी मिसळली, तरी ते मिश्रण ब्रँडी म्हणून विकता येते. युरोपीय संघाच्या नियमांत ते बसत नाही. तेथे ब्रँडी वाइनपासूनच झालेली असावी लागते. प्रश्न केवळ चवीचा नाही. शारांतच्या द्राक्ष बागायतदाराचा भाव त्या नावावर ठरतो. इकडे मळीला आसवनीचे गिऱ्हाईक मिळाले, तर कारखान्याच्या हिशेबात चार पैसे जास्त पडतात. अर्थात अलीकडे याच मळीवर इथेनॉलचाही हक्क आहे.

गंमत अशी, की महाराष्ट्रात ब्रँडी बहुधा सर्दीवरच्या चमचाभर औषधापुरतीच ओळखीची. तिचा खरा खप दक्षिणेकडील राज्यांत.

जुलै २०२५ मध्ये टिळकनगर इंडस्ट्रीजने 'इम्पीरियल ब्लू' हा व्हिस्कीचा ब्रँड विकत घेण्याचा करार जाहीर केला. विकणारी कंपनी होती फ्रान्सची 'पर्नो रिकार'. कोन्याकमधील १७१५ सालची 'मार्टेल' ही पेढी तिच्याच मालकीची आहे.