रक्त आमचे, प्रश्न कोणाचे? सिकलसेल संशोधनाचा इतिहास आणि आपला हक्क

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. शतकानुशतके कपाळावर गोंदलेली जात लोकांनी त्या मैदानावर टाकून दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख छापून आला. विदर्भातल्या सिकलसेलची वैद्यकशास्त्राने घेतलेली ही सुरुवातीची दखल. पुढे या विषयावर अनेक सर्वेक्षणे झाली, शोधनिबंध निघाले. त्यांतल्या कित्येक तक्त्यांत आजही रकाना 'महार' असाच आहे, क्वचित कुठे 'नवबौद्ध'. माणसाने धर्म बदलला, नाव बदलले, पण प्रयोगशाळेतल्या बाटलीवरची चिठ्ठी बदलली नाही.

आनुवंशिक आजाराचा अभ्यास करताना समाजगटाची नोंद घ्यावी लागते, हे मान्य. माझा आक्षेप नोंदीला नाही. आक्षेप असा की साठ-सत्तर वर्षांच्या या संशोधनात आपली माणसे 'नमुना' म्हणून जागोजागी आहेत, पण प्रश्न विचारणारी म्हणून जवळजवळ कुठेच नाहीत. रक्त आमचे, दुखणे आमचे, आणि काय शोधायचे ते मात्र दुसऱ्याने ठरवायचे. हे असेच का चालत आले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिला प्रश्नच वेगळा होता

भारतात सिकलसेलचा शोध १९५२ साली लागला. लेहमन आणि कटबुश या संशोधकांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये ही विळ्याच्या आकाराची पेशी सापडली. पण ते शोधत काय होते? या लोकांचे मूळ कोणते, त्यांचा आफ्रिकेशी काही वांशिक संबंध आहे का, हा त्या काळच्या अभ्यासकांचा आवडीचा प्रश्न होता. म्हणजे सुईने रक्त काढले ते 'हे लोक आले कुठून' हे पाहण्यासाठी. 'यांच्या पोरांचे सांधे का दुखतात, ती वारंवार आजारी का पडतात' हा प्रश्न आईने विचारला असता. आईला कोणी विचारले नाही.

येथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या वांशिक सिद्धांताची चिरफाड केली. त्यासाठी वापरले काय, तर दुसऱ्यांनीच गोळा केलेली नाकाची आणि डोक्याची मोजमापे! ज्या आकडेवारीच्या आधारे माणसामाणसांत वंश शोधले जात होते, तीच आकडेवारी हाती घेऊन त्यांनी दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. आपल्याबद्दलच्या संशोधनाकडे पाठ फिरवू नका, ते हातात घ्या आणि त्याला आपला प्रश्न विचारा, हा त्यातला धडा आहे.

सिकलसेललाही तो धडा लागू पडतो. हा आजार 'हलक्या रक्ताचा' नाही. मलेरियाच्या प्रदेशात सिकलच्या वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून अशा प्रदेशांत हा जीन पिढ्यानपिढ्या टिकला. हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून सुटण्याची २५ टक्के. आता जोडीदार एकाच बंदिस्त गटातून निवडायचा असा नियम असेल, तर दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात सांगितले होते. सिकलसेलच्या समुपदेशनात रक्ताची जुळणी सांगितली जाते. जातीअंताचा हा मुद्दा किती ठिकाणी सांगितला जातो? आपण त्या खोलीत असतो, तर हा प्रश्न नक्की विचारला असता.

१९७२ : एकाच वर्षातल्या तीन गोष्टी

अमेरिकेतल्या काळ्या समाजाचा इतिहास आपल्याला परका नाही. त्यातले १९७२ हे वर्ष मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट टस्कीगीची. १९३२ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचे नाव सांगितले नाही. 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार उपलब्ध झाला, तरी तो दिला नाही. उपचाराविना माणूस कसा झिजतो ते पाहायचे होते. १९७२ साली वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा ते थांबले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली.

या प्रकरणातली एक बाब फारशी सांगितली जात नाही. टस्कीगीत स्थानिक सहभाग नव्हता असे नाही; उलट तो भरपूर होता. युनिस रिव्हर्स नावाची काळी परिचारिका वर्षानुवर्षे त्या पुरुषांच्या घरी जायची, त्यांना गाडीतून दवाखान्यात न्यायची. शवविच्छेदनाला कुटुंबाने होकार दिला तर अंत्यसंस्काराचा खर्च मिळायचा. लोकांचा विश्वास मिळवायला त्यांच्यातलेच माणूस वापरले गेले, पण निर्णयाच्या टेबलावर त्यांच्यातले कोणी नव्हते. आज 'लोकसहभाग' हा शब्द ऐकला की म्हणूनच मी आधी विचारते, हा सहभाग निरोप पोहोचवण्यापुरता आहे की निर्णय घेण्याचा? आशाताईने घरोघर जाऊन लोकांना शिबिरात आणणे म्हणजे सहभाग नव्हे. तेही आपल्याच बाईच्या श्रमावर आणि तिच्या ओळखीवर चाललेले काम आहे.

दुसरी गोष्ट ब्लॅक पँथरची. बंदूक आणि काळी टोपी एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे पोहोचली. पण त्यांनी वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले, आणि १९७१ पासून सिकलसेलच्या तपासणीची मोहीम उघडली. कार्यकर्ते दारोदार गेले, बोटाला टोचून तपासणी केली, आजार समजावून सांगितला, आणि जाहीरपणे विचारले की काळ्या माणसाच्या या आजारावर सरकार खर्च का करत नाही? १९७० साली एका वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट स्कॉट या डॉक्टरांनीही हाच मुद्दा मांडला होता. दबाव वाढला आणि १९७२ साली अमेरिकेत सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा झाला.

पण तिथेही एक ठेच लागली. अनेक राज्यांनी घाईने सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कोणी नीट समजावला नाही. ठणठणीत माणसांवर आजारी असल्याचा शिक्का बसला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रबोधिनीत तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. लिनस पॉलिंग यांच्यासारख्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९६८ साली वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी असे सुचवले होते! गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ज्यांच्या पूर्वजांनी पाहिला, त्यांना या सूचनेचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. तपासणी वाईट नाही. लोकांना न विचारता केलेली तपासणी शिक्का बनते.

तिसरी गोष्ट आपली. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांचा विद्रोह आपल्याकडे आला, साहित्यात उतरला, रस्त्यावर उतरला. पण पँथरचा दवाखाना मात्र समुद्र ओलांडून तितक्या जोराने आला नाही. आरोग्य हा प्रश्न आपण डॉक्टरांवर आणि सरकारवर सोडला. शिक्षण, नोकरी, अत्याचार यांवर मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. सिकलसेलवर किती निघाले?

विचारले तर काय होते

कोणी म्हणेल, विज्ञान मतदानाने चालत नाही. अडाणी माणसाला संशोधनातले काय कळणार? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर कुटुंबनियोजनापलीकडे खेड्यातल्या बाईच्या शरीराकडे पाहायची कोणाला गरज वाटली नव्हती. गावाने आणि बायकांनी साथ दिली नसती, तर हा आकडा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला मिळाला नसता. त्याच जिल्ह्यात पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी आणि नोंद शिकवली गेली. ३९ गावांत नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. तो निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे आशांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आधार बनला. 'अडाणी' बाईने जगाला दिलेले हे ज्ञान आहे.

आणि विचारले नाही तर काय होते, तेही पाहिले आहे. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा अभ्यास-प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये त्यांत वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुली होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा संबंध लसीशी जोडला गेला नाही. पण हजारो संमतीपत्रांवर आई-बापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती, हे उघड झाले आणि संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असू शकते. तरी आई-बापाला वगळून दिलेली लस विश्वास मारते, आणि त्याची किंमत पुढच्या चांगल्या लसीलाही मोजावी लागते.

सिकलसेलमध्ये वगळण्याची किंमत कोण मोजतो? भारतातला सिकलसेल आफ्रिकेपेक्षा सौम्य असतो, असा समज वैद्यकशास्त्रात बराच काळ होता. पुढे नागपूरच्या रुग्णालयांत दाखल मुलांचे अभ्यास आले आणि इथे तीव्र आजारही मोठ्या प्रमाणात आहे हे दिसले. ज्या बाईने रात्र रात्र पोराचे पाय चोळले, तिला हे कळायला शोधनिबंधाची गरज नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, चांगले झाले. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांत रक्ताच्या आजारांना जागा नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे लक्ष्य आहे. पण अभियानाचा रोख आदिवासी भागांवर आहे. आदिवासींना प्राधान्य मिळालेच पाहिजे, त्यात वाद नाही. मग नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या वस्त्यांतली बौद्ध आणि इतर बहुजन कुटुंबे कोणत्या यादीत? साठ वर्षे जी माणसे संशोधनाच्या तक्त्यात होती, ती उपचाराच्या यादीत मागे का?

मग मागायचे काय?

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे हा मुद्दा मांडला. कायदेमंडळाला जे लागू, ते संशोधनालाही लागू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाचा सहभाग सांगितला आहे; नैतिकता समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती असली पाहिजे, हेही सांगितले आहे. ती खुर्ची आहे. तिच्यावर कोण बसते, हे आपण कधी विचारले का?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सिकलसेलवर अभ्यास करणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रश्नावली छापण्याआधी रुग्णांच्या कुटुंबांची बैठक घ्यावी. नैतिकता समितीतल्या सामान्य व्यक्तीच्या जागेवर त्या समाजातली, शक्यतो रुग्णाची आई किंवा स्वतः रुग्ण असावी, आणि तिला त्या दिवसाची मजुरी मिळावी. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष मराठीत, वस्तीत येऊन सांगावेत. तपासणीचा निकाल घरच्यांनाच द्यावा, गावभर नाही. कारण मुलीचे लग्न मोडते तेव्हा शास्त्रज्ञ तिथे नसतो. समाजगटाची नोंद करताना लोक स्वतःला जे म्हणवतात ते नाव लिहावे.

आणि एक मागणी आपल्याच चळवळीकडे. प्रत्येक विहारात पुस्तके आहेत, जयंतीची वर्गणी आहे, ढोलताशा आहे. त्याच विहारात महिन्यातून एक रविवार सिकलसेलच्या कुटुंबांसाठी ठेवता येईल. त्यांना बोलू द्यावे, आपण लिहून घ्यावे : किती दिवस शाळा बुडाली, कुठे गोळ्या संपल्या, कोणत्या डॉक्टरने दुखणे खोटे ठरवले. पुढच्या वेळी कोणी रक्ताची बाटली घेऊन वस्तीत आले, तर आपल्या हातात ती वही असली पाहिजे. मग बोलणी बरोबरीने होतील.

जय भीम!